नळाला पाणी आहे, मग दुष्काळ कसला?

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यू जर्सी राज्यात सरासरी ०.०२ इंच पाऊस पडला. या महिन्यात एरवी सुमारे ४ इंच पाऊस होतो. १८९५ पासूनच्या नोंदी चाळल्या तर इतका कोरडा महिना, कोणत्याही ऋतूतला, दुसरा सापडत नाही. नदीपलीकडच्या फिलाडेल्फियात सलग ४२ दिवस मोजण्याजोगा पाऊस झाला नाही. तेथील आधीचा विक्रम २९ दिवसांचा होता. त्या वर्षीची दिवाळी स्वच्छ, कोरड्या आकाशाखाली पार पडली आणि ती उलटून आठवडा होतो न होतो तोच न्यू जर्सी व न्यूयॉर्कच्या सीमेवरील जंगलात मोठा वणवा पेटला. १३ नोव्हेंबरला राज्याने दुष्काळाचा इशारा, म्हणजे ‘ड्रॉट वॉर्निंग’, जाहीर केला.

एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटी या भागांतील घरांत मात्र नळाला पाणी नेहमीसारखेच येत होते. ज्यांच्या मनात ‘दुष्काळ’ या शब्दाबरोबर टँकरमागे लागलेली हंड्यांची रांग, चारा छावण्या किंवा २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वेगाडी उभी राहते, त्यांना हा इशारा कागदी वाटला असल्यास नवल नाही. रांग नाही, टँकर नाही, बादलीही रिकामी नाही. मग दुष्काळ कसला?

या प्रश्नाचे उत्तर पाणी मोजण्याच्या पद्धतीत आहे. नळ हा पाण्याच्या साखळीतील शेवटचा दुवा. तो कोरडा पडेपर्यंत थांबणाऱ्या शासनाला त्यानंतर करण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून न्यू जर्सीचा पर्यावरण संरक्षण विभाग चार गोष्टींवर सतत लक्ष ठेवतो: मागील ९० दिवसांतील पाऊस, मागील ९० दिवसांतील नद्यांचा प्रवाह, जलाशयांतील साठा आणि उथळ भूजलाची पातळी. त्यासाठी राज्याचे सहा विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागात प्रत्येक निर्देशक ‘सामान्य किंवा अधिक’ पासून ‘अत्यंत कोरडा’ पर्यंतच्या चार पायऱ्यांपैकी एकीवर बसवला जातो. कारवाईच्या पायऱ्या तीन. पहिली ‘वॉच’, म्हणजे नुसती सावधगिरी. २०२४ मध्ये ती १७ ऑक्टोबरलाच जाहीर झाली होती. दुसरी ‘वॉर्निंग’. या टप्प्यावर नागरिकांवर सक्ती नसते, पण पाणीपुरवठा कंपन्यांना एका जलाशयातील पाणी दुसऱ्या भागाकडे वळवण्याचा आदेश विभाग देऊ शकतो. तिसरी ‘इमर्जन्सी’. ती राज्यपाल जाहीर करतात आणि मग अंगणातील हिरवळीला पाणी घालण्यावरही कायद्याचे बंधन येते. न्यू जर्सीत ती वेळ शेवटची आली २००२ साली.

पाऊस मोजणे त्यातल्या त्यात सोपे. उरलेली तीन मोजमापे मात्र तीन निरनिराळ्या गतींनी चालणाऱ्या घड्याळांसारखी आहेत, आणि ती क्वचितच एकच वेळ दाखवतात.

नदीचे घड्याळ सर्वांत चपळ. अमेरिकेत नद्यांचा प्रवाह मोजण्याचे काम मुख्यतः भूगर्भ सर्वेक्षण संस्था, म्हणजे ‘यूएसजीएस’, करते. तिचे पहिले प्रवाहमापन केंद्र १८८९ साली न्यू मेक्सिकोतील एम्बुडो या गावी रिओ ग्रांदे नदीवर सुरू झाले. त्या वेळचे संचालक जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात एक हात गमावलेल्या आणि नंतर होडीने कोलोरॅडो नदीचा प्रवास केलेल्या या गृहस्थांचा आग्रह होता की, पश्चिमेच्या कोरड्या प्रदेशात शेती वसवायची असेल तर आधी तेथे पाणी किती आहे ते मोजले पाहिजे. एम्बुडोला त्यांनी तरुण अभियंत्यांची तुकडी पाठवली. नदी मोजण्याचे शास्त्र तिथे बसवले गेले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. आज देशभरात अशी अकरा हजारांहून अधिक केंद्रे आहेत.

नदीकाठी दिसणाऱ्या या लहानशा खोलीत किंवा पेटीत प्रत्यक्षात मोजली जाते ती पाण्याची उंची. त्यासाठी काही ठिकाणी नदीशी जोडलेल्या विहिरीत तरंगणारा फ्लोट असतो, काही ठिकाणी पाण्यात बुडवलेल्या नळीतून हवेचे बुडबुडे सोडून दाब मोजतात, तर काही पुलांखाली रडार बसवलेले असते. साधारण दर १५ मिनिटांनी नोंद होते आणि ती उपग्रहामार्फत केंद्राकडे जाते. पण उंची म्हणजे प्रवाह नव्हे. महाराष्ट्रातील वाचकांना पावसाळ्यातील बातम्यांमुळे परिचित असलेला ‘क्युसेक’, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते आहे, तो आकडा काढायचा तर पात्राची रुंदी, खोली आणि पाण्याचा वेग ठाऊक हवा. म्हणून कर्मचारी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येक केंद्रावर जातात, पुलावरून किंवा पाण्यात उतरून वेग मोजतात, आणि अमुक उंचीला अमुक विसर्ग अशा जोड्या जमवत जातात. त्या जोड्यांतून काढलेली वक्ररेषा हाच त्या केंद्राचा प्राण. मोठा पूर आला की तळातील वाळू-गोटे हलतात, काठ खचतो आणि कालची रेषा आज खोटी ठरते. मग पुन्हा पाण्यात उतरणे आलेच. संकेतस्थळावर क्षणाक्षणाला बदलणारा आकडा यंत्राने दिलेला वाटतो. त्याच्यामागे गुडघाभर थंड पाण्यात उभा राहिलेला माणूस असतो.

तरी नुसता आकडा काही सांगत नाही. रॅरिटन नदीत आज २०० क्युसेक पाणी आहे हे कळल्यावर घाबरायचे की निश्चिंत व्हायचे? एप्रिलमध्ये हा आकडा चिंतेचा ठरेल, सप्टेंबरमध्ये कदाचित नाही. यासाठी आजच्या प्रवाहाची तुलना मागील सर्व वर्षांतील याच दिवसाच्या प्रवाहाशी केली जाते. शंभर वर्षांच्या नोंदी चढत्या क्रमाने रचल्या आणि आजचा आकडा खालून दहाव्या स्थानाच्याही खाली गेला, तर नदी ‘सामान्यापेक्षा फारच खाली’ मानतात. पंचविसाव्या स्थानापर्यंत ‘सामान्यापेक्षा खाली’. गणितात यालाच शतमक म्हणतात. त्यामुळे एखाद्या केंद्राची किंमत त्याच्या यंत्रावर नव्हे, तर त्याच्या वयावर ठरते. ट्रेंटन येथे डेलावेअर नदीच्या प्रवाहाच्या नोंदी शंभर वर्षांहून अधिक काळच्या आहेत, तर लिटल फॉल्स येथे पॅसेइक नदीच्या १८९७ पासूनच्या. नवे यंत्र आज विकत आणता येते, १८९७ सालची नोंद आणता येत नाही.

२०२४ च्या शरद ऋतूत सर्वांत आधी खचल्या त्या नद्याच. पाऊस नसताना नदीत जे वाहते ते जमिनीतून झिरपून आलेले पाणी. तो झरा मंदावला की पात्र उघडे पडू लागते. जलाशयांची स्थिती मात्र तेव्हा इतकी वाईट दिसत नव्हती, कारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरपूर पाऊस झाला होता. फक्त जलाशयाकडे पाहणाऱ्याला ऑक्टोबरमध्ये धोका उशिरा कळला असता.

जलाशय मोजणे सर्वांत सोपे आणि त्याचा अर्थ लावणे सर्वांत फसवे. मुंबईकर जूनपासून सात तलावांची टक्केवारी रोज वाचतो, पुणेकर खडकवासला साखळीची. तिकडचे गणित सरळ आहे: पाऊस चार महिन्यांचा, आणि १५ ऑक्टोबरला जे साठले ते पुढच्या जूनपर्यंत पुरवायचे. न्यू जर्सीत पाऊस बाराही महिन्यांत जवळपास सारखा विभागलेला असतो. तरीही जलाशय उन्हाळ्यात उतरतात, कारण झाडे पाणी शोषतात, उष्णतेने बाष्पीभवन वाढते आणि लोक हिरवळीवर पाणी मारतात. ते भरतात नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, झाडे निजलेली असताना. म्हणून ऑक्टोबरमधील ६५ टक्के साठा कदाचित ठीक. तोच आकडा एप्रिलमध्ये दिसला तर मात्र पुढचा उन्हाळा कठीण. येथेही आकड्याला तारीख जोडल्याशिवाय अर्थ नाही.

मध्य न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांच्या पाण्याचा उगम रॅरिटन खोऱ्यात आहे, मग सहलीला गेल्याशिवाय ते जलाशय पाहिलेले असोत वा नसोत. तेथील राउंड व्हॅली जलाशयाची क्षमता ५५ अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे ७.३५ टीएमसी, पानशेतच्या १०.६५ टीएमसीपेक्षा कमी. शेजारचा स्प्रूस रन ११ अब्ज गॅलनचा, सुमारे दीड टीएमसी. गंमत अशी की राउंड व्हॅलीला स्वतःचे म्हणावे असे मोठे पाणलोट क्षेत्रच नाही. रॅरिटनच्या दक्षिण शाखेतील पाणी हॅम्डन येथून पंपाने उचलून तो भरतात. नदीला पाणी मुबलक असेल तेव्हाच उचलायचे आणि नदी आटली की परत सोडायचे, अशी ही बँकेतील मुदत ठेव. ती मोडावी कधी, हे नदीवरील केंद्रे ठरवतात. बाउंड ब्रुक येथे नदीत दिवसाला किमान ९ कोटी गॅलन पाणी वाहिले पाहिजे असा दंडक आहे. प्रवाह त्याखाली जाऊ लागला की वरच्या जलाशयाची झडप उघडावी लागते. तेव्हा केंद्रातील आकडा माहितीपुरता राहत नाही, तो हुकूम होतो.

असा हुकूम महाराष्ट्रालाही नवा नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर नाशिक-नगरकडील धरणांतून पाणी खाली सोडायचे, हा राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश. आणि त्या तारखेच्या आकड्यावरून दर दुष्काळी वर्षी होणारे वाद सर्वपरिचित आहेत. डेलावेअर नदीवर हेच प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नदीच्या वरच्या अंगाला न्यूयॉर्क शहराची तीन धरणे आहेत: कॅनन्सव्हिल, पेपॅक्टन आणि नेव्हरसिंक. १९५४ च्या निकालाने शहराला दिवसाला ८० कोटी गॅलन पाणी खोऱ्याबाहेर नेण्याची आणि न्यू जर्सीला १० कोटी गॅलन नेण्याची मुभा मिळाली. त्या बदल्यात माँटॅग्यू येथील केंद्रावर १,७५० क्युसेक प्रवाह राहील इतके पाणी शहराने धरणांतून सोडायचे. निकालाची अंमलबजावणी पाहण्यासाठी न्यायालयाने ‘रिव्हर मास्टर’ हे पद निर्माण केले आणि ते काम यूएसजीएसकडे सोपवले. न्यायालयाने नदीवर नेमलेला हा कारभारी आजही रोजचा हिशेब ठेवतो.

हिशेब असून भांडण टळले असे नाही. साठच्या दशकातील प्रदीर्घ अवर्षणात, १९६५ च्या जूनमध्ये, न्यूयॉर्क शहराने आपले जलाशय रिते होतील या भीतीने पाणी सोडणे थांबवले. खालची शहरे हवालदिल झाली. त्यांची भीती निराळीच होती, ती समुद्राची. डेलावेअरचे मुख भरतीच्या टापूत आहे. वरून येणाऱ्या गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारे पाणी वर सरकते. लिटरला २५० मिलिग्रॅम क्लोराइड जिथे आढळते ती सीमारेषा नदीच्या मुखापासून किती मैलांवर आहे, हे रोज पाहिले जाते. नोव्हेंबर १९६४ मध्ये ती १०२ व्या मैलापर्यंत चढली होती. फिलाडेल्फिया शहर नदीतून पाणी उचलते ते ११० व्या मैलावर. आठ मैलांचे अंतर उरले होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती रेषा ९० व्या मैलाच्या आसपास, विमानतळाजवळ, पोहोचली. अशा वेळी ट्रेंटनचा प्रवाह ३,००० क्युसेकच्या खाली जाऊ नये यासाठी नदीखोरे आयोग पेनसिल्व्हेनियातील धरणांतून पाणी सोडायला सांगतो. हे पाणी कोणाच्या नळात जात नाही. ते समुद्राला थोपवून धरण्यासाठी वाहते.

न्यूयॉर्क शहरालाही या शरद ऋतूने चांगलेच गाठले. डेलावेअर खोऱ्यातून येणाऱ्या भल्या मोठ्या बोगद्याला कित्येक वर्षे गळती होती. दिवसाला साडेतीन कोटी गॅलनपर्यंत पाणी वाया जाई. दुरुस्तीसाठी बोगदा बंद केला नेमका ऑक्टोबर २०२४ मध्ये. १८ नोव्हेंबरला शहराला २२ वर्षांनी प्रथमच दुष्काळाचा इशारा द्यावा लागला आणि दुरुस्ती तात्पुरती थांबवून बोगदा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. वर्षानुवर्षे आखलेली योजना जलाशयांच्या पातळीपुढे झुकली.

तिसरे घड्याळ जमिनीखालचे. सर्वांत संथ आणि सर्वांत दुर्लक्षित. निरीक्षण विहिरींत दाबमापक सोडून पाण्याची खोली सतत नोंदवली जाते. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, मोजत आली आहे. तेथे ऋतू ठरीव असल्याने त्यातून बरेच कळते. न्यू जर्सीत प्रश्न असतो तो पडलेल्या पावसातील किती पाणी मुळांच्या तावडीतून सुटून खाली पोहोचले याचा. २० नोव्हेंबर २०२४ च्या सुमारास अखेर चांगला पाऊस झाला. नद्या दोन दिवस फुगल्या, पानगळीच्या पाचोळ्यावर पाणी चढले, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इशारा मात्र कायम राहिला, आणि पुढच्या वसंतातही तो उठलेला नव्हता. कोरडी माती आधी स्वतःची तहान भागवते, मग खाली काही जाऊ देते. एका दमदार पावसाने नदीचा आलेख ताडासारखा वर जातो आणि आठवड्यात परत खाली येतो, विहिरीचा आलेख जेमतेम हलतो. सार्वजनिक नळ नसलेल्या ग्रामीण भागात ज्यांचे घर स्वतःच्या बोअरवेलवर चालते, त्यांच्यासाठी हाच आलेख महत्त्वाचा; त्यांच्यापर्यंत कोणत्याही जलाशयाचे पाणी वळवता येत नाही.

याहून खोल, मातीच्या थरांत बंदिस्त असलेले पाणी वर्षांच्या नव्हे, दशकांच्या हिशेबाने चालते. मिडलसेक्स, मॉनमथ आणि ओशन परगण्यांत या खोल जलधरांतून इतका उपसा झाला होता की पातळी समुद्रसपाटीच्या खाली गेली आणि सेअरव्हिल, युनियन बीचकडील विहिरींत खारेपणा शिरू लागला. १९८५ मध्ये राज्याने हा ‘संकटग्रस्त क्षेत्र’ ठरवून उपसा जवळपास निम्म्यापर्यंत कमी करायला लावला आणि नद्या-जलाशयांचे पाणी पर्याय म्हणून पुरवले. त्यानंतर तेथील पातळी सावकाश वर आली. याचा पुरावाही त्या निरीक्षण विहिरींतूनच मिळाला. विहिरी नसत्या तर ना घसरण कळली असती, ना सुधारणा.

मराठी माणसाने दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या पैसेवारीतून ओळखला: पीक पन्नास पैशांच्या आत आले की दुष्काळ. ती पद्धत शेतकऱ्याचे नुकसान मोजत असे, पाणी नव्हे, आणि मोजत असे ते नुकसान झाल्यावर. भारत सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाबरोबर पीक, ओलावा, नदीप्रवाह, जलसाठा आणि भूजल हे निर्देशक आणले. दिशा तीच. अंमलबजावणीवर मतभेद आहेत, पण तो स्वतंत्र विषय.

अमेरिकेची पद्धत निर्वेध आहे असेही नाही. प्रवाहमापन केंद्रांचा खर्च बहुतांशी यूएसजीएस आणि राज्ये, नगरपालिका, पाणीपुरवठा संस्था अशा हजाराहून अधिक भागीदारांत विभागलेला असतो. एखाद्या भागीदाराने हात आखडता घेतला की केंद्र बंद पडते. सगळ्यात आधी कात्री लागते ती लहान ओढ्यांवरील केंद्रांना, ज्यांच्याकडे पूर किंवा टंचाई आल्याशिवाय कोणाचे लक्ष जात नाही. तीन-चार दशकांची अखंड मालिका एकदा तुटली की शतमकाचे गणित अडते, आणि ते केंद्र पुन्हा उघडले तरी मधली वर्षे मिळत नाहीत.

या सर्व नोंदी यूएसजीएसच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. घराजवळच्या नदीचे नाव टाकले की आजची रेषा आणि त्या दिवसाचा अनेक वर्षांचा मध्य शेजारी-शेजारी दिसतात. ताज्या आकड्यांवर ‘तात्पुरते’ असा शेरा असतो. तपासणी होऊन ते कायम व्हायला काही महिने लागतात. जानेवारीच्या कडाक्यात कधी कधी आकड्याच्या जागी फक्त ‘आइस’ असे लिहिलेले आढळते. बर्फामुळे पाण्याची उंची वाढते, प्रवाह मात्र वाढत नाही, म्हणून यंत्राचा आकडा तेव्हा ग्राह्य धरत नाहीत. त्या दिवसांत कर्मचारी गोठलेल्या नदीवर चालत जातात, बर्फाला ओळीने भोके पाडतात आणि एकेका भोकातून मापक खाली सोडून वेग मोजतात.